वाचक विचारतात : मुलांसाठी आधी किनारा निवडा, मग रिसॉर्ट

सुट्ट्यांच्या तोंडावर येणाऱ्या पत्रांत या वेळी समुद्राबद्दलची पत्रं सर्वांत जास्त आहेत. जवळजवळ सगळीच पहिलीपर्यंतच्या मुलांच्या आईवडिलांची, दोनेक आजींचीही. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : भाऊबीज झाली की चार दिवस कोकणात किंवा गोव्याला जायचं आहे. मुलगा सहा वर्षांचा, मुलगी अडीच. बुकिंगच्या साइटवर सगळीच रिसॉर्ट सारखी दिसतात, सगळ्यांना चार-साडेचार तारे. निवडायचं कशावरून? (इंदिरानगर)

ते तारे खोलीला, नाश्त्याला आणि रिसेप्शनवरच्या माणसाच्या वागण्याला मिळालेले असतात. समोरच्या समुद्राला कोणी तारे देत नाही. तुमची मुलं दिवसाचे चार तास तरी तिथेच असणार, म्हणून आधी किनारा ठरवा आणि मग त्या किनाऱ्यावरचं रिसॉर्ट शोधा. बहुतेक लोक उलटं करतात. मग छान खोली मिळते, पण समोरच्या पाण्यात मुलांना सोडता येत नाही.

किनाऱ्याचं पहिलं लक्षण म्हणजे उतार. तो घरबसल्याही ओळखता येतो. त्या किनाऱ्यावर लोकांनी काढलेले व्हिडिओ बघा आणि लाट कुठे फुटते तेवढंच पाहा. लाट लांब फुटून, फेस होत होत, पसरत पायाशी येत असेल तर तळ सपाट आहे. लाट अगदी काठाशी येऊन उभी राहते आणि धप्पकन आदळते, तेव्हा तिथे पाणी दोन पावलांत कमरेपर्यंत जातं. मोठ्याच्या कमरेपर्यंत म्हणजे अडीच वर्षांच्या मुलीच्या डोक्यावरून. वाळूही हेच सांगते. बारीक, घट्ट बसलेली, पाऊल न रुतणारी वाळू सपाट किनाऱ्यावर असते. जाड, भुसभुशीत वाळू असेल तिथे उतार तीव्र असण्याची शक्यता मोठी.

दुसरं लक्षण पाण्याची ओढ. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी कुठून तरी परत जावंच लागतं, आणि ते सगळीकडून सारखं न जाता एखाद्या पट्ट्यातून जोरात जातं. हा पट्टा नेमका शांत दिसतो: दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मध्ये लाट नाही, पाणी जरा गडद, फेस आत जातोय. नवखा माणूस मुलाला घेऊन तिथेच उतरतो. खडकांच्या कडेला आणि खाडीच्या तोंडाशीही अशी ओढ असते. कोणी सापडलंच तर किनाऱ्याकडे थेट पोहत दम घालवू नये. किनाऱ्याला समांतर, आडवं सरकत पट्ट्याबाहेर यावं आणि मग काठाकडे वळावं.

आता नावं घेऊन सांगायचं तर गणपतीपुळे, काशिद आणि हरिहरेश्वर हे किनारे बघायला अप्रतिम आहेत, पण लहान मुलांच्या डुंबण्यासाठी आम्ही ते सुचवणार नाही. गणपतीपुळ्याला पाणी झटकन खोल होतं आणि ओढ आहे. हरिहरेश्वरला खडक आहेत. देवदर्शन करा, वाळूत खेळा, पण पाण्यात पाय बुडवण्यापलीकडे जाऊ नका. गुहागरचा किनारा लांबलचक आणि सुंदर, मात्र उतार जास्त. वेळणेश्वर त्या मानाने सौम्य. तारकर्लीला वाळू आणि पाणी दोन्ही छान, पण देवबागच्या टोकाला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथल्या संगमाजवळ मुलांना पाण्यात नेऊ नका, तिथला प्रवाह दिसतो त्याहून जोरदार असतो. गोव्यात काणकोणजवळचा पाळोळे किनारा अर्धचंद्राकृती आहे, दोन्ही टोकांना डोंगर, त्यामुळे लाट मवाळ होऊन येते. तुमच्या मुलांच्या वयाला आमची पहिली पसंती पाळोळेला. कळंगुट-बागा या वयासाठी नको: गर्दी, वॉटर स्पोर्ट्सच्या बोटी, आणि हात सुटला तर मूल सापडायला अवघड.

गोव्याचा आणखी एक फायदा म्हणजे तिथे २००८ पासून संघटित जीवरक्षक सेवा आहे आणि झेंडे लावलेले असतात. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच उतरायचं; नुसता लाल झेंडा असेल तर अजिबात नाही. कोकणात ही सोय काही किनाऱ्यांवर आहे, काहींवर नाही. बुकिंगआधी विचारायलाच हवं.

तिसरं, सावली. कोकणात किनाऱ्यालगत सुरूचं बन असेल तर अर्धा प्रश्न सुटतो. दहा वाजल्यानंतर मुलांना तिथे खेळवता येतं. नारळाखाली मात्र चटई टाकू नका आणि झोळी बांधू नका. झाडावरचे नारळ वेळच्या वेळी उतरवतात का, हे रिसॉर्टवाल्याला विचारण्यात काही गैर नाही.

आणि चौथं, वाळूवरच्या गाड्या. अलिबाग-मुरुड पट्ट्यात आणि दापोलीकडे काही किनाऱ्यांवर घोडागाड्या, चारचाकी बाइक, कधी पर्यटकांच्या स्वतःच्या गाड्याही वाळूवरून पळतात. वाळूत किल्ला करत बसलेलं मूल चालवणाऱ्याला उशिरा दिसतं. ज्या किनाऱ्याच्या व्हिडिओत वाळूवर टायरचे पट्टे आहेत, तो यादीतून काढून टाका.

प्रश्न : मागच्या वेळी बोर्डीला गेलो तेव्हा समुद्र पार आत गेला होता, नुसता चिखल. दुपारी जेवून परत आलो तर पाणी भिंतीला. भरती-ओहोटी आधी कशी कळावी? (नाशिकरोड)

कालनिर्णय भिंतीवर आहे ना? मग हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन: दुपारी तीनच्या सुमारास आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. त्याच्या साधारण सव्वासहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास. अष्टमीला सहा वाजता भरती, भर दुपारी ओहोटी. दोन्ही पक्षांत हाच हिशेब चालतो. ही वेळ मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्याची. सिंधुदुर्ग-गोव्याकडे भरती थोडी आधी येते. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरून चाला आणि निघायच्या आदल्या दिवशी त्या गावाचं भरतीचं वेळापत्रक मोबाइलवर पडताळून घ्या.

यातून सुट्टीची आखणी करता येते. लक्ष्मीपूजन अमावास्येला असतं, म्हणजे भाऊबीजेच्या आसपास उधाणाची भरती. द्वितीयेला दुपारी दीडच्या सुमारास पाणी खूप वर येणार आणि सकाळी सव्वासातच्या सुमारास खूप आत गेलेलं असणार. अशा दिवसांत सकाळी सात ते साडेनऊ ही लहानग्यांची वेळ: वाळूत राहिलेल्या उथळ डबक्यांत घोट्याएवढं, कोमट पाणी असतं आणि लाट तिथवर येत नाही. दोन वर्षांच्या मुलाला याहून चांगला तलाव कुठल्याही रिसॉर्टमध्ये मिळणार नाही. सप्तमी-अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, पाणी फार वरही येत नाही आणि फार आतही जात नाही. मुलं घेऊन निवांत राहायचं तर ते दिवस बरे.

बोर्डी-डहाणूकडे, आणि तिथून वर गुजरातच्या दिशेने, भरती-ओहोटीतला फरक मोठा आहे. उधाणाला तो पाच मीटरच्या घरात जातो, तर गोव्यात दोनेक मीटरच. किनारा सपाट आणि फरक मोठा, म्हणून पाणी एवढं लांब जातं. तिथे पाण्याच्या मागे मागे आत चालत जाऊ नका. वाळूत सखल पन्हळी असतात आणि परतणारी भरती आधी त्यांतून शिरते. तुम्ही उंचवट्यावर समुद्राकडे तोंड करून उभे असता आणि पाणी मागून भरलेलं असतं. बोर्डीला पाणी चढताना, भरती निम्मी झाल्यापासून पूर्ण होईपर्यंतचे दोन-तीन तास काठावर खेळायला चांगले. ओहोटी लागली की मुलांना बाहेर घ्या, कारण तेव्हा ओढ समुद्राकडे असते.

फुगवलेल्या हंस-मगरींबद्दल इथेच सांगतो. शाळेच्या भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे शिकलो, ते इथे कामाला येतात. रात्रभर आणि सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. त्या वाऱ्यावर हवेची गादी मुलासकट बघता बघता आत जाते, आणि पाणी मात्र शांत दिसत असतं. फुगवलेली खेळणी पूलमध्येच ठेवा.

प्रश्न : फोन केला की रिसॉर्टवाले सगळ्याला "हो, हो, आहे" म्हणतात. नेमकं काय विचारायचं? (गंगापूर रोड)

"हो" म्हणून सुटताच येणार नाही असं विचारा. "बीच जवळ आहे का?" असं न विचारता "खोलीच्या दारापासून वाळूपर्यंत चालत किती मिनिटं, आणि मध्ये गाड्यांचा रस्ता आहे का?" असं विचारा. या धंद्यात "बीच टच" म्हणजे फाटक उघडलं की वाळू. "सी फेसिंग" म्हणजे खोलीचं तोंड समुद्राकडे, मध्ये रस्ता असू शकतो. "सी व्ह्यू" म्हणजे गॅलरीच्या कोपऱ्यातून समुद्राची रेघ दिसली तरी चालतं. तिन्हींच्या भाड्यात बराच फरक असतो. शंका असेल तर सांगा, खोलीच्या दारातून चालत वाळूपर्यंतचा एक सलग व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवा. चांगला मालक पाच मिनिटांत पाठवतो. टाळाटाळ केली तर दुसरं बघा.

पूलबद्दल जरा सविस्तर, कारण कोकण-गोव्याच्या रिसॉर्टमध्ये लहान मुलांना सर्वांत मोठा धोका बहुतेक वेळा समुद्राचा नसून पूलचा असतो. समुद्राला आपण सगळेच घाबरून असतो, पूलपाशी सैल होतो. मुलांचा पूल वेगळा आहे का, की एकाच टाकीत मध्ये नुसती दोरी? तळ उतरता असेल आणि फक्त दोरी असेल, तर दोरीखालून मूल सरकतं आणि पुढे तळ लागत नाही. मुलांच्या पूलची खोली एक ते दीड फूट असावी. मोठ्या पूलला कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक असेल तर उत्तम, पण ते आपल्याकडे क्वचित दिसतं. म्हणून पूलला लागून तळमजल्यावरची खोली, जिचं दार थेट पाण्याकडे उघडतं, ती लहान मुलं असताना घेऊ नका. जाहिरातीत ती सर्वांत आकर्षक दिसते. दुपारी तुमचा डोळा लागला आणि मुलाने दार सरकवलं, तर मध्ये काही अडसर नसतो.

पोहोचल्यावर पूलच्या सर्वांत खोल बाजूला उभे राहून तळाची जाळी बघा. जाळी स्पष्ट दिसली पाहिजे, आणि ती तुटलेली किंवा सैल नको. तिथल्या ओढीत केस, बोटं अडकतात. पाणी गढूळ असेल तर उतरू नका, कारण बुडालेलं मूलही दिसणार नाही. क्लोरीनचा झणझणीत वास आला म्हणजे पाणी स्वच्छ, हा समज चुकीचा आहे. घाम-लघवीशी क्लोरीनचा संयोग झाला की तो वास येतो. नीट राखलेल्या पूलला वास अगदी हलका असतो.

बुडणारं मूल हात हलवून ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीशी असतं, श्वास घ्यायलाच उसंत नसते, आणि हे सगळं मिनिटाच्या आत आणि आवाज न होता घडतं. चार-पाच मोठी माणसं आजूबाजूला असतात तेव्हा प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. म्हणून पाळी लावा: वीस मिनिटं एकाच माणसाने फक्त मुलांकडे बघायचं, मोबाइल नाही, गप्पा नाहीत, मग स्पष्ट "आता तू" म्हणून दुसऱ्याकडे सोपवायचं. पाच वर्षांखालचं मूल पाण्यात असेल तर मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं. दंडाला लावायचे फुगे निसटतात, त्यांच्यावर विसंबू नका. लाइफ जॅकेट घ्यायचं तर मुलाच्या वजनाप्रमाणे, आणि पायांतून जाणारा पट्टा असलेलं. तो नसेल तर जॅकेट वर सरकतं आणि मूल खालून निसटतं.

खोलीत गॅलरीचे गज बघा. दोन गजांत चार इंचांहून जास्त फट नको, आणि कठड्याला लागून खुर्ची-टेबल असेल तर आल्या आल्या आत घ्या. दाराला वरची कडी आहे का? वीज गेली तर जनरेटरवर एसी चालतो की फक्त पंखा-दिवा? कोकणात हा प्रश्न रात्री दोन वाजता फार महत्त्वाचा होतो. खिडक्यांना जाळ्या आहेत का? संध्याकाळी डास येतातच.

जेवणाचं: स्वयंपाकघर किती वाजता सुरू होतं आणि मुलांसाठी सात वाजता मऊ वरणभात मिळेल का, हे आधी ठरवून घ्या. साडेआठला थाळी सुरू होणाऱ्या ठिकाणी लहान मुलं उपाशी झोपतात. घरगुती खानावळ चालवणारी मंडळी ही सोय आनंदाने करतात, आणि या एका कारणासाठी लहान मुलं असताना आम्ही मोठ्या हॉटेलपेक्षा आठ-दहा खोल्यांचं घरगुती रिसॉर्ट सुचवू.

शेवटी पैसे. "पाच वर्षांखालील मूल मोफत" म्हणजे बहुतेक ठिकाणी वेगळी गादी न घेता. जादा गादीचे किती, त्यात नाश्ता धरलाय का, चेक-इन किती वाजता, रद्द केलं तर आगाऊ रकमेतले किती परत, हे लेखी घ्या. रात्रीच्या गाडीने जाऊन सकाळी सातला पोहोचणार असाल तर बारापर्यंत मुलांना घेऊन बसायचं कुठे, तेही विचारा. अर्ध्या दिवसाचं भाडं देऊन खोली लवकर मिळत असेल तर द्यावं. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजचं भाडं ७५०० रुपयांपर्यंत असलेल्या खोलीला ५ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या खोलीला १८ टक्के. ७८०० सांगितलं तर ७५०० ला घासाघीस करण्यात दुहेरी फायदा आहे.

प्रश्न : धाकटीला गाडी लागते. नाशिकहून गाडीने जावं की रेल्वेने? (सिडको)

बोर्डी-डहाणूला जायचं तर गाडीच. त्र्यंबकेश्वर, मोखाडा, जव्हारमार्गे अंतर दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर, पण जव्हारच्या अलीकडे-पलीकडे वळणं भरपूर. वाटेत पाऊण-पाऊण तासाने थांबा. दापोली-गुहागरला जाताना समृद्धी महामार्ग उपयोगी पडतो. इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला, त्यामुळे कसाऱ्याच्या घाटातली वळणं टळतात. तिथून पुढे पनवेलमार्गे मुंबई-गोवा महामार्ग. हे अंतर लहान मुलांना घेऊन एका दमात करू नका. पहिला मुक्काम अलिबाग किंवा माणगावच्या आसपास करा.

गाडी लागते कारण कानाला हलणं जाणवतं आणि डोळ्यांना स्थिर वस्तू दिसते. म्हणून मुलीच्या हातात मोबाइल किंवा पुस्तक नको. समोरचा रस्ता दिसेल असं तिला बसवा. निघायच्या तासभर आधी कोरडं, थोडं खायला द्या; दूध आणि तळलेलं नको, अगदी रिकामं पोटही नको. उलटीचं औषध बालरोगतज्ज्ञांना विचारूनच. दोन वर्षांखालच्या मुलांना यातली काही औषधं चालत नाहीत.

रत्नागिरी किंवा गोव्यासाठी नाशिकरोडहून थेट गाडी म्हणजे मंगला एक्स्प्रेस. पनवेल, रत्नागिरी, मडगाव या स्थानकांवर ती थांबते. नाशिकरोडला ती रात्री येते, त्यामुळे मुलं झोपेत चढतात आणि सकाळ कोकणात होते. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, ते दिवाळीच्या आगेमागे बदलतं. तिकिटावरची वेळ नीट बघा. पाच वर्षांखालच्या मुलाला स्वतंत्र बर्थ घेतला नाही तर तिकीट लागत नाही, पण दोन मुलं असतील तर एक बर्थ जास्तीचा काढाच. विमानाने गोव्याला जाणार असाल तर कोणता विमानतळ ते बघा: मोपाहून पाळोळे शंभरेक किलोमीटर, दाबोळीहून बरंच जवळ.

प्रश्न : मे महिन्यात सुट्टी आहे, यंदा परदेशी समुद्र बघायचा आहे. मालदीव, फुकेत, बाली की श्रीलंका? मुलं तीन आणि सात वर्षांची. (कॉलेज रोड)

मे महिना हा तुमच्या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा शब्द आहे. या देशांचे पावसाळे वेगवेगळे आहेत आणि मे महिन्यात पॅकेज स्वस्त मिळण्याचं कारण बहुतेक वेळा तेच असतं.

फुकेतच्या पश्चिम किनाऱ्यावर मे ते ऑक्टोबर समुद्र खवळलेला असतो, लाल झेंडे लागतात. त्या काळात थायलंडच्या दुसऱ्या बाजूचं कोह सामुई बरं. तिथला जोराचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. श्रीलंकेचंही तसंच: बेंटोटा, हिक्कडुवा हा नैर्ऋत्य किनारा डिसेंबर ते मार्चचा, तर मे ते सप्टेंबर पूर्व किनारा, म्हणजे त्रिंकोमाली आणि पासिकुडा. पासिकुडाची खाडी फार लांबपर्यंत उथळ आहे, लहान मुलांसाठी खासच. मात्र कोलंबोहून तिथे रस्त्याने सहाएक तास लागतात. वाटेत दांबुल्ला किंवा सिगिरियाला मुक्काम करा.

बालीत मे म्हणजे कोरडा हंगाम सुरू. पण बालीत कुठे, हे पाहा. कुटा, सेमिन्याक, चांगू इथल्या लाटा सर्फिंगवाल्यांच्या, ओढ जबरदस्त. सानूर आणि नुसा दुआला बाहेर प्रवाळाची भिंत आहे, ती लाट अडवते आणि आतलं पाणी शांत राहतं. सानूरला ओहोटीत प्रवाळ उघडा पडतो, त्यामुळे मुलांना रबरी तळव्याचे पाण्यातले बूट हवेत. मे महिन्यासाठी आमची पसंती सानूर.

मालदीवला मे पासून पाऊस-वारा वाढतो, डिसेंबर ते एप्रिल कोरडा काळ. जायचंच असेल तर रिसॉर्टच्या बेटाला खोलीसमोर उथळ लगून आहे का, ते विचारा आणि वाळूवरची खोली घ्या. पाण्यावरच्या खांबांवरची खोली तीन वर्षांच्या मुलासाठी नको. डेकवरून थेट पाण्यात पायऱ्या जातात आणि बऱ्याच ठिकाणी कठडा नसतो. काही रिसॉर्ट त्या खोल्या लहान मुलांना देतच नाहीत, आणि ते बरोबरच आहे. माले विमानतळावरून बेटापर्यंतचा प्रवास खोलीभाड्यात धरलेला असतोच असं नाही, माणशी वेगळा मोठा खर्च असू शकतो. सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं छोटं विमान, फक्त दिवसा उडतं, त्यामुळे विमान दुपारी उशिरा उतरणार असेल तर मालेजवळ एक रात्र जाते. स्पीडबोटीने जाता येईल असं जवळचं बेट निवडा.

लहान मुलांच्या पासपोर्टची मुदत पाच वर्षांची असते. मोठ्याचा काढून विसरला असाल तर आत्ताच तारीख बघा. बहुतेक ठिकाणी प्रवासाच्या दिवसापासून सहा महिने शिल्लक लागतात. अर्जात आईवडील दोघांच्या सहीचं संमतिपत्र, म्हणजे अनेक्श्चर डी, लागतं. आणि हो, अंदमान मनात असेल तर तो दिवाळीनंतर ते एप्रिल. तिथे मगरींच्या इशाऱ्याचे फलक असतात. फलक असेल तिथे घोट्याएवढ्या पाण्यातही जाऊ नका.

प्रश्न : नातू आठ महिन्यांचा, नात चार वर्षांची. उन्हाचं आणि औषधांचं काय जवळ ठेवावं? (देवळाली कॅम्प)

नाशिकच्या कोरड्या हवेतून गेलेल्या मुलांना किनाऱ्यावरचा दमटपणा आधी बाधतो. घाम वाळत नाही, घामोळं येतं, मूल किरकिरं होतं. पहिला दिवस रिकामा ठेवा. सुती, सैल कपडे, आणि दिवसातून दोनदा गोड्या पाण्याने अंघोळ. मीठ अंगावर वाळू देऊ नका, मांड्यांना आणि काखेत लगेच सोलवटतं. ओला डायपर वाळूसकट राहिला तर तासाभरात पुरळ उठतं.

सकाळी दहा ते दुपारी चार मुलं सावलीत. सहा महिन्यांवरच्या मुलांना एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन चालतं. बाहेर पडायच्या वीसेक मिनिटं आधी, कान, मानेचा मागचा भाग आणि पावलांची वरची बाजू न विसरता, आणि दर दोन तासांनी, पाण्यातून आल्यावर पुन्हा. घरूनच नेऊन आधी हातावर लावून बघा, पुरळ येत नाही ना ते पाहायला. पण क्रीमपेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट आणि मान झाकणारी टोपी जास्त खात्रीची.

पिशवीत ओआरएसची पाकिटं हवीतच. मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदम कालवायचं, अर्धं पाकीट ग्लासात नाही. प्रमाण बिघडलं की उपयोगाऐवजी अपाय होतो. कालवलेलं पाणी चोवीस तासांनी टाकून द्या. जुलाब झाले तर दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, मोठ्याला १०० ते २०० मिली, चमच्याने हळूहळू. दुकानातली तयार गोड पेयं ओआरएसच्या जागी देऊ नका. अंगावरचं दूध चालूच ठेवावं. लघवी सहा तास झाली नाही, मूल सुस्त पडलं, किंवा डोळे खोल गेले तर वाट न बघता दवाखाना. तापाच्या औषधाचा डोस निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे लिहून घ्या. जवळचा बालरोगतज्ज्ञ किती अंतरावर, हे बुकिंग करतानाच विचारा. अर्ध्या तासापेक्षा लांब असेल तर आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन तिथे न राहिलेलं बरं.

नातीने आजवर कोळंबी-खेकडा खाल्लेला नसेल तर पहिली चव तिथे नको. ॲलर्जी आली तर रात्री आडगावात धावपळ होते. घरी आधी थोडं देऊन पाहा. माशांत पापलेट लहानांना सोपा, मधला काटा एकदम निघतो. बांगडा ताजा असल्याची खात्री असेल तरच.

प्रश्न : जेलीफिश चावली तर लगेच काय करायचं? (सातपूर)

मुलाला पाण्याबाहेर घ्या आणि ती जागा समुद्राच्याच पाण्याने धुवा. गोडं पाणी ओतू नका, वाळूने किंवा टॉवेलने चोळू नका. कातडीला चिकटलेल्या धाग्यांतल्या न फुटलेल्या विषपेशी त्याने फुटतात आणि आग वाढते. धागे चिमट्याने किंवा एखाद्या कार्डाच्या कडेने अलगद उचलून काढा, उघड्या हाताने नाही. मग सोसवेल एवढ्या गरम पाण्यात वीस मिनिटं तो भाग धरा. आधी स्वतःच्या कोपराने पाणी तपासा, मुलाची कातडी पातळ असते. धाप लागली, चेहरा सुजला, उलट्या झाल्या किंवा मूल पेंगुळलं तर १०८ ला फोन करा. किनाऱ्यावर मेलेली, वाळलेली दिसणारी जेलीफिशही डंख करते, आणि निळ्या फुग्यासारखी दिसणारी तर मुलं हटकून उचलतात. सकाळी वाळूत खेळायला बसण्यापूर्वी आजूबाजूची पंचवीसेक पावलं चालून बघा. दोन-चार दिसल्या तर त्या दिवशी पाण्यात उतरू नका, कारण वाऱ्याबरोबर त्या थव्याने येतात.